अलार्म ‘गॉन ऑफ’ म्हणजे वाजला की बंद पडला?

माझा भाचा गोव्यात कळंगुटला एका लहानशा हॉटेलात रिसेप्शनवर आहे. गेल्या मोसमात रात्री साडेअकराच्या सुमारास मागच्या इमारतीतल्या खोलीतून एका ब्रिटिश बाईंचा फोन आला. ‘द स्मोक अलार्म हॅज गॉन ऑफ.’ फोनमध्ये मागे कसला तरी बारीक आवाज येत होता, त्याला वाटलं टीव्ही असेल. त्यानं अदबीनं सांगितलं, की काळजी करू नका, सकाळी इलेक्ट्रिशियन येईल आणि बघून घेईल. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. अलार्म बंद पडला म्हणून मध्यरात्री कुणाला उठवायचं? दोन मिनिटांत बाई अनवाणी धावत काउंटरवर आल्या. खोलीत अलार्म ठणाणा वाजत होता. सुदैवानं धूर डासांच्या कॉइलचा निघाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं, ‘तुला इंग्रजी येत नाही.’ पोरगा इंग्रजी माध्यमातून बी.ए. झालेला. ते त्याला फार लागलं आणि खरं सांगायचं तर मलाही लागलं, कारण फोंड्याजवळच्या एका गावात मी पंचवीस वर्षं मुलांना इंग्रजीच शिकवतो आहे. त्याला इंग्रजी येतं. अडलं ते एका ठरावीक ठिकाणी, आणि तिथे आपल्यातले भले भले अडतात.

हे प्रकरण आहे तरी काय

‘गो’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गेट’, ‘टर्न’, ‘लुक’ ही इंग्रजीतली रोजची साधी क्रियापदं. त्यांच्यामागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘ऑन’, ‘डाऊन’, ‘ओव्हर’ असे छोटे शब्द येऊन बसतात आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ होतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, ‘अप’ म्हणजे वर, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे हार मानणं, नाद सोडणं. अशा जोडीला इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं, असं लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली लिहून ठेवलं आहे. आपण इथे तिला जोडक्रियापद म्हणू.

नाव अलीकडचं असलं तरी अडचण जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी म्हटलं आहे, की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्यांना सर्वांत जास्त अवघड जाते. तेव्हा माझ्या भाच्याची अडचण पावणेतीनशे वर्षांपूर्वीच नोंदली गेली आहे.

आधी आपल्या घरात बघू

समजा, एखादा परदेशी माणूस मराठी शिकायला तुमच्याकडे राहिला. ‘लिहिणे’ त्याला कळलं. आता त्याच्या कानावर काय काय पडेल? भाषण लिहून काढ. नंबर लिहून ठेव. ते सांगतात ते लिहून घे. मला तसं लिहून दे. तो अर्ज एकदाचा लिहून टाक.

तो विचारेल, यात काढायचं काय आणि टाकायचं कुठे? आणि आपण गोंधळून जाऊ, कारण कुणीच काही काढत नाही, ठेवत नाही की टाकत नाही. तरी पाचही वाक्यांचा अर्थ आपल्याला लख्ख वेगळा दिसतो. ‘लिहून काढ’मध्ये डोक्यातलं सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर उतरवायचं आहे. ‘लिहून ठेव’मध्ये ते पुढे लागणार आहे. ‘लिहून घे’ म्हटलं की बोलणारा दुसरा आहे. ‘लिहून दे’मध्ये हमी आहे, उद्या तो कागद दाखवता येईल. आणि ‘लिहून टाक’ म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरव बाबा. आपल्या व्याकरणात यांना संयुक्त क्रियापदं म्हणतात. इंग्रजी याच कामाला छोटे शब्द लावतं. सविस्तर लिहून काढणं ते ‘राइट आऊट’, टिपून ठेवणं ते ‘नोट डाऊन’, सांगितलेलं लिहून घेणं ते ‘टेक डाऊन’, भराभर लिहून टाकणं ते ‘डॅश ऑफ’.

आता यातली एक बारीक गोष्ट. ‘मी ते काम करून...’ एवढं ऐकून कुठलाही मराठी माणूस थांबतो. टाकलं? ठेवलं? घेतलं? दिलं? पुढचा शब्द ‘बसलो’ असा आला, की ऐकणाऱ्याला कळतं, काहीतरी निस्तरायचं आहे. अर्थ शेपटात असतो आणि शेपूट येईपर्यंत आपला कान थांबतो. ही सवय आपल्याला कुणी शिकवलेली नाही. इंग्रजी ऐकताना मात्र आपण ती विसरतो. ‘टर्न द म्युझिक...’ इथवर ऐकून आपण ‘टर्न’ला धरून बसतो. खरं काम पुढे आहे: ‘अप’ म्हणजे आवाज वाढव, ‘डाऊन’ म्हणजे कमी कर, ‘ऑफ’ म्हणजे बंद कर. मराठी ऐकताना जसे थांबतो तसे इथेही थांबलो, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली.

संस्कृत शिकलेल्यांना आणखी एक दार उघडं आहे. उपसर्ग धातूचा अर्थ बळानं दुसरीकडे ओढून नेतो, असं सांगणारा श्लोक पाठशाळेत म्हणवून घेत. त्यात उदाहरणं आहेत प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच, पण मार, जेवण, नाश, फेरफटका आणि निवारण एवढी त्याची मजल. तिथे छोटा तुकडा पुढे लागतो, इंग्रजीत मागे लागतो.

एकच जोडी उलट अर्थ कशी देते?

हा भाच्याचा प्रश्न. लाइट ‘गो ऑफ’ झाले तर विझले, अलार्म ‘गो ऑफ’ झाला तर वाजला, बॉम्ब ‘गो ऑफ’ झाला तर फुटला आणि ब्रिटिश बोलीत दूध ‘गो ऑफ’ झालं तर नासलं. ‘मामा, ही भाषा आहे की फसवणूक?’

मी त्याला विचारलं, भिंतीचा रंग उडाला म्हणजे काय झालं? ‘गेला.’ झोप उडाली? ‘गेली.’ बरं, आगीचा भडका उडाला? तो थांबला. लग्नघरात गोंधळ उडाला? एकाच ‘उडणे’नं इकडे असलेलं नाहीसं होतं, तिकडे नसलेलं उसळून येतं, आणि आपल्याला त्यात काही खटकतही नाही. कारण मुळाशी चित्र एकच आहे. जागेवर बसलेली वस्तू जागा सोडते. रंग भिंत सोडतो, ज्वाळा लाकूड सोडतात.

‘ऑफ’चंही तसंच. त्याचा मूळ भाव ‘सुटून दूर’ असा आहे. विमान ‘टेक ऑफ’ करतं ते जमिनीपासून सुटतं. बसमधून ‘गेट ऑफ’ होतो तेव्हा आपण बसपासून सुटतो. अंगातला शर्ट ‘टेक ऑफ’, कर्ज ‘पे ऑफ’. बंदुकीतून गोळी सुटते तसा दबा धरून बसलेला अलार्म सुटतो. दूध चांगल्या स्थितीपासून सुटतं. दिवा प्रवाहापासून सुटतो. ‘ऑफ म्हणजे बंद’ ही या मोठ्या कुटुंबातली एकच शाखा. आपण स्विचच्या खटक्यावर तीच वाचत वाढलो, म्हणून तेच सगळं घराणं वाटलं.

छोट्या शब्दांचे स्वभाव

‘अप’ म्हणजे वर, हे खरं. पण घागर भरताना पाणी वर वर येतं आणि काठाला लागलं की भरली. त्यामुळे ‘अप’ला ‘पूर्ण, संपेपर्यंत’ असा स्वभाव लागला: ‘फिल अप’, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. आपल्या ‘टाकणे’चा हा अगदी शेजारी. ‘आऊट’ बाहेरचा. दडलेलं बाहेर आलं की ‘फाइंड आऊट’, साठा सगळा बाहेर गेला की ‘रन आऊट’. ‘ऑन’ला चालू ठेवण्याचा नाद, ‘डाऊन’ला कमी होण्याचा.

सगळंच असं सुतासारखं सरळ होईल असं मात्र समजू नका. फॉर्म ‘फिल इन’ करा नाहीतर ‘फिल आऊट’ करा, फॉर्म भरला जातोच. घर ‘बर्न डाऊन’ झालं काय आणि ‘बर्न अप’ झालं काय, उरते ती राखच. आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं हे कुठल्याही स्वभावावरून ओळखता येत नाही. ते माहीत असावं लागतं, जसं ‘पोलिसांनी आत टाकलं’ आणि ‘म्हातारबा वर गेले’ याचा अर्थ नवख्याला सांगावाच लागतो.

‘इट’ नेमका कुठे बसवायचा?

इथे विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात, म्हणून थोडं थांबतो. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. फॅनच्या जागी ‘इट’ आला की मात्र ‘टर्न इट ऑफ’ एवढंच, ‘टर्न ऑफ इट’ कधीच नाही. उलट ‘लुक आफ्टर द बेबी’ म्हणजे बाळाला सांभाळ. तिथे ‘लुक द बेबी आफ्टर’ म्हटलं तर समोरचा बघतच राहील.

लग्नाचं वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. मांडवातला प्रत्येक पाहुणा मुलाकडचा असतो नाहीतर मुलीकडचा. छोट्या शब्दांचंही तसंच. ‘टर्न ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियापदाकडचा आहे. नातं क्रियापदाशी असल्यामुळे मधे कुणी येऊन बसलं तरी त्याला फरक पडत नाही. आपणही ‘सांगून एकदाचं टाक’ म्हणतो, मधे ‘एकदाचं’ बसलं तरी जोडी तुटत नाही. ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ नामाकडचा आहे. ‘बाळाकडे बघ’मधला ‘कडे’ जसा बाळाचा हात सोडत नाही, तसा तो नामाला चिकटून त्याच्या आधी उभा राहतो. ‘पुट अप विथ’मध्ये दोन्हीकडची मंडळी आहेत, ‘अप’ क्रियापदाकडचा आणि ‘विथ’ नामाकडचा.

कोण कुणाकडचा हे कानानंही ओळखता येतं. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना इंग्रज ‘ऑफ’वर जोर देतो. ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर असतो, ‘ॲट’ जेमतेम ऐकू येतो. हीच जोडी नाम झाली की जोर पुढे सरकतो: ‘चेक-इन’ हे नाम म्हणताना आवाज ‘चेक’वर चढतो. मोबाइलवर कुठलंही इंग्रजी बोलणं लावून पाच मिनिटं फक्त हा जोर ऐका. मुलांना मी हे करायला लावतो आणि व्याकरणाच्या चार तासांत जे होत नाही ते होतं.

सरळ एकेरी शब्द असताना हा खटाटोप कशाला?

माझे आजोबा १९६१ च्या आधी पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, पोर्तुगीजमधून शिकलेले. साठी उलटल्यावर त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला घेतलं. अग्रलेख त्यांना सहज कळायचा. ‘टॉलरेट’ म्हणजे पोर्तुगीजमधला ‘तोलेरार’, ‘इन्व्हेस्टिगेट’ म्हणजे ‘इन्व्हेश्तिगार’, त्यात काय कठीण? पण एकदा नातवंडांच्या गोष्टीच्या पुस्तकातली एक ओळ बोटाखाली धरून ते माझ्याकडे आले. ‘पुट, अप, विथ. तिन्ही शब्द मला येतात, पण वाक्य येत नाही.’ अग्रलेख सोपा आणि पोरांचं पुस्तक अवघड, हे तेव्हा मला कोडंच वाटलं होतं.

त्याचं उत्तर इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे दोन-तीन शतकं दरबारात, कायद्यात फ्रेंच चाललं. विद्वानांची भाषा लॅटिन होतीच. त्या वाटेनं आलेले ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’, ‘एक्स्टिंग्विश’ कागदावर मानाचे झाले. घरात, शेतात, बाजारात मात्र लोक आपली जुनी छोटी क्रियापदं जोडून बोलत राहिले: ‘पुट अप विथ’, ‘पुट ऑफ’, ‘पुट आऊट’. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, म्हणून आजोबांना इंग्रजीचं दिवाणखान्यातलं बोलणं कळायचं आणि स्वयंपाकघरातलं नाही.

आपल्याकडे काय वेगळं आहे? सूचनाफलकावर ‘कार्यक्रम स्थगित करण्यात आला आहे’ असं लिहितात आणि घरी येऊन सांगतात, ‘पुढे ढकलला.’ अर्ज-विनंतीत जड शब्द शोभतो. पण कळंगुटच्या खोलीतून फोन करणारी बाई तुमच्यासाठी स्थगित म्हणायला थांबत नाही. म्हणून माझं मत असं, की बोलताना ‘पोस्टपोन’ वापरलंत तरी काही बिघडत नाही, समोरच्याला कळतंच. ऐकताना मात्र ‘पुट ऑफ’ कळलंच पाहिजे. आधी कान तयार व्हावा, तोंड मागाहून होईल. शाळेत आपण नेमकं उलटं करतो.

पुढे म्हणजे कुठे?

काळाच्या दिशेबद्दल एक वेगळी सूचना द्यायला हवी, कारण इथे मराठीचाच कान फसवतो. आपण मीटिंग पुढे ढकलतो म्हणजे उशिरा ठेवतो. इंग्रजीत तीच मीटिंग ‘पुश बॅक’ होते. शब्दशः घेतलं तर मागे ढकलली, अर्थ मात्र उशिरा ठेवली. आणि ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडच्या तारखेला आणली, जी आपल्याला ‘पुढे नेली’ अशी ऐकू येते. दोन भाषा काळाच्या रस्त्यावर समोरासमोर तोंड करून उभ्या आहेत. एखाद्या पाहुण्यानं बुकिंग ‘ब्रिंग फॉरवर्ड’ करायला सांगितलं आणि तुम्ही ते आठवडाभर उशिराचं केलंत, तर तो बॅगा घेऊन दारात उभा आणि खोली रिकामी नाही. शंका आली की तारीख विचारून घ्यावी, त्यात कमीपणा नाही. या गोंधळावर भारतीय इंग्रजीत ‘प्रीपोन’, म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेणं, हा सुटसुटीत शब्द रूढ झाला आहे. ऑक्सफर्डच्या कोशातही तो आहे. तरी आपल्या देशाबाहेर तो सगळ्यांना कळेल असं धरून चालू नका.

मग आपण बोलतो ते चूकच का?

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी चिडून विचारतं आणि ते चिडणं मला रास्त वाटतं. ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस ऑन’, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरी विथ’, ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’. ही मराठीची विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं इंग्रजीत उतरली आहेत. त्यामागे विचार आहे, निष्काळजीपणा नाही. पोर्तुगीजमध्येही लग्न ‘सोबत’च लागतं, ‘काझार कों’ म्हणजे अक्षरशः सोबत लग्न करणं. आपले ख्रिस्ती शेजारी लग्नाला काजार म्हणतात, तो शब्द याच क्रियापदाचा.

घरात, मित्रांत, गावात हे इंग्रजी बिनदिक्कत बोलावं. प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. ‘आय पास्ड आऊट लास्ट इयर’ म्हणजे आपल्याकडे पदवी घेतली, पण जहाजावरच्या नोकरीच्या मुलाखतीत ब्रिटिश अधिकाऱ्याला वाटेल, की हा मुलगा गेल्या वर्षी बेशुद्ध पडला होता. ‘पुट ऑफ द लाइट’ आपल्याला दिवा विझवणं वाटतं, त्याला दिवा लांबणीवर टाकणं ऐकू येतं. गोव्यातली किती मुलं हॉटेलांत, विमानतळांवर, बोटींवर कामाला जातात. त्यांना दोन्ही इंग्रजी यायला हवीत, आणि आपलं इंग्रजी कमअस्सल असं कुणी त्यांच्या मनात भरवू नये.

तर शिकायचं कसं?

‘गेट’चे वीस, ‘टेक’चे पंधरा अशा याद्या पाठ करून काही हाती लागत नाही, हे मी स्वतःच्या वर्गात बघितलं आहे. परीक्षा झाली की यादी पुसली जाते. भाच्याला मी एक शंभरपानी वही आणून दिली आणि पानांवर छोट्या शब्दांची नावं घालायला सांगितली: ऑफ, अप, आऊट, ऑन. ऐकलेलं अख्खं वाक्य त्या पानावर लिहायचं, कुणी कशाबद्दल म्हटलं ते मराठीत बाजूला लिहायचं. एकट्या शब्दाला वहीत प्रवेश नाही.

‘ऑफ’चं पान आता भरत आलं आहे. सगळ्यात वर ते अलार्मचं वाक्य आहे, शेजारी त्याच्या अक्षरात ‘उडाला!’ असं लिहिलेलं. परवा घरी आला तेव्हा त्यानं शेवटच्या दोन ओळी दाखवल्या. एका पाहुण्याच्या मित्रांची क्रिकेटची मॅच पावसामुळे ‘पुट ऑफ’ झाली होती आणि मग तासाभरानं ‘कॉल्ड ऑफ’ झाली. पहिल्यासमोर त्यानं लिहिलं होतं, ‘पुढे ढकलली’. दुसऱ्यासमोर पेन टेकवून तो मला म्हणाला, ‘थांब मामा, सांगू नकोस.’ ओठातल्या ओठात दोनदा ‘ऑफ, ऑफ’ केलं आणि लिहिलं: ‘रद्द. सुटली कायमची.’